मन आजारी पडले, तर दार कुणाचे ठोठवायचे?

ताप आला की फॅमिली डॉक्टर, दात दुखला की दंतवैद्य, हे घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण घरातल्या माणसाचे मन बिघडले की शहाणीसुरती माणसेही गोंधळतात. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, मेंदूविकारतज्ज्ञ… यांपैकी कोण काय करतो आणि कोणाकडे कधी जायचे?

पापनाशम हे तमिळनाडूतल्या तंजावर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ते लागते. भोवती कावेरीच्या फाट्यांवर पोसलेली भातशेती, गावात १०८ शिवलिंगांचे मंदिर आणि नायक राजांच्या काळातले भाताचे कोठार. कर्नाटक संगीताच्या रसिकांना हे नाव पापनाशम शिवन् या रचनाकारामुळे माहीत असते. मराठी माणसाचे नाते मात्र वेगळ्या धाग्याचे आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ इथे भोसल्यांची गादी होती. तेव्हा या मुलखात आलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही घरात तंजावुरी मराठी बोलतात. उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की तमिळ!

समजा, पापनाशममधल्या अशाच एका घरातली सून बाळंत होऊन दहा दिवस झाले आहेत. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. ती बाळाकडे टक लावून पाहते आणि म्हणते, ‘‘हे माझे नव्हेच. दवाखान्यात कुणीतरी बदलले.’’ मध्येच हसते, मध्येच भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी उत्तर देते. सासूबाईंच्या मते तिला बाहेरचे काही लागले आहे. आई म्हणते, पहिलटकरणीला असे होतेच, चार दिवसांत निवळेल. दिराच्या कचेरीत एक समुपदेशक बाई येतात, त्यांना दाखवू असे त्याचे म्हणणे. शेजारीण आठवण करून देते, की तिरुक्करुगावूरची गर्भरक्षाम्बिका याच तालुक्यातली. गर्भाचे रक्षण करणारी देवी म्हणून दूरदूरच्या बायका तिथे येतात. नवस फेडायचा राहिला असेल, तर आधी तो फेडा.

या चौघांपैकी कुणीही तिचे वाईट चिंतीत नाही. तरी तिला त्या दिवशी जिथे न्यायला हवे, ते ठिकाण एकाच्याही बोलण्यात आलेले नाही.

तिची लक्षणे बाळंतपणानंतरच्या सायकोसिसची आहेत. हजार बाळंतिणींत एक-दोघींना होणारा हा आजार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उफाळतो आणि काही तासांत रूप पालटतो. आता शांत वाटणारी बाई संध्याकाळी स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवावर उठू शकते. म्हणून ही तातडीची गोष्ट आहे. हृदयविकाराच्या झटक्याइतकीच तातडीची. अशा वेळी त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ हवा. तो कुठे मिळेल हे माहीत नसेल, तर जिथे बाळंतपण झाले त्या रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सरळ न्यावे. पापनाशमहून तंजावरचे वैद्यकीय महाविद्यालय सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. तोवर तिला आणि बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये. योग्य औषधे मिळाली, तर या आजारातून बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ साली सुरू झाला. आईला बरे करायचे म्हणून बाळापासून तोडायलाच हवे असे नाही, हे त्यामागचे सूत्र.

पण प्रत्येक रडणारी बाळंतीण आजारी नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच डोळे भरून येणे, चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक बायकांना होते आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. तिथे औषध म्हणजे झोप, मदतीचे हात आणि टोमणे न मारणारी माणसे. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर ते नैराश्य समजावे. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठावा. मरणाचे विचार बोलून दाखवले असतील, तर मात्र थांबू नये. घरातल्या माणसांना हा फरक ठाऊक असला, तर मोलाचे दिवस वाया जात नाहीत.

सरफोजीराजांचे एक छप्पर

ज्या मुलखात ही गोष्ट घडते आहे असे समजलो, तिथेच दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने निरनिराळ्या वैद्यांना एका छपराखाली आणले होते. दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर होते. राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेलेला, राजांकडे किल्ला आणि तनखा उरलेला. दुसरा कुणी असता तर नाचरंगात बुडाला असता. सरफोजींनी ग्रंथ जमवले, छापखाना घातला आणि ‘धन्वंतरी महाल’ उभारला.

या महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे जाणकार होते. माणसांच्या आणि जनावरांच्या रोगांवर औषधे तयार होत, त्यांचा गुण पाहिला जाई आणि उपयोगी ठरलेले योग टिपून ठेवले जात. पुढे ते तमिळ पद्यात बांधले गेले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते ओळखले जातात. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. राजांना स्वतःला नेत्ररोगांत विशेष गती होती. डोळ्यांच्या रोग्यांची तक्रार, केलेला उपचार आणि डोळ्याचे रंगीत चित्र अशा नोंदी त्या काळच्या कागदांत सापडल्या आहेत. आजच्या भाषेत ज्याला आपण केसपेपर म्हणतो, तोच हा.

बाळंतिणींचाही विचार या दरबाराने केलेला होता. भोसल्यांची छत्रे, म्हणजे वाटसरूंच्या अन्नछत्र-धर्मशाळा, रामेश्वरच्या वाटेवर जागोजाग होत्या. १८०१ साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला त्यांचा कारभार लिहून कळवला. आजारी वाटसरूला बरे होईपर्यंत औषध आणि पथ्याचे जेवण मिळे, आणि छत्रात एखादी बाई बाळंत झाली तर तिचा खर्च, औषधपाणी पाहून पुढे तीन महिने तिला राहू दिले जाई. तीन महिने! आज कित्येक सुनांना तीन आठवडे मिळत नाहीत.

धन्वंतरी महालातही मनाच्या रोगांसाठी वेगळा माणूस होता असा दावा करण्याचे कारण नाही. सांगायचे ते इतकेच, की तिथे कोणत्या वैद्याकडे जायचे हा प्रश्न रोग्याच्या घरच्यांना एकट्याने सोडवावा लागत नसे. आज डॉक्टरांच्या शाखा कितीतरी झाल्या, पण त्या वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या गावांत आहेत. पाटी वाचून निवड घरच्यांनाच करावी लागते.

पाट्यांचा घोळ

आणि पाटीवरची मराठी मदतीला येत नाही. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा एकच शब्द आपल्याकडे तीन-चार वेगळ्या व्यवसायांची माणसे लावतात. नावापुढे ‘डॉक्टर’ लिहिलेले असते ते कधी वैद्यकीय पदवीमुळे, कधी पीएच.डी.मुळे. दोन्ही मान खऱ्या कष्टाने मिळालेले. पण औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार दुसऱ्याला नाही. तेव्हा नावाच्या पुढे काय आहे ते राहू द्या, मागे काय आहे ते पाहा.

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हा आधी पुरता डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. झाल्यावर तीन वर्षांची एम.डी. किंवा डी.एन.बी., अथवा त्याच विषयातली डी.पी.एम. ही पदविका, असे त्याचे शिक्षण. त्याची नोंद राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे असते. तो निदान करतो, रक्त तपासायला सांगतो, औषधे देतो, गरज पडली तर दाखल करून घेतो. भास होणे, संशयाने पछाडणे, अतोनात उत्साहाचे आणि अतोनात खिन्नतेचे झटके येणे, आत्महत्येचा प्रयत्न, दारू सोडल्यावर अंगाला कंप सुटून बरळणे, या सगळ्यांसाठी पहिले नाव त्याचेच. लोक त्याला ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणतात. महाराष्ट्रात तर ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ हे विनोद म्हणून चालते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, एवढाच त्या विनोदाचा आधार. या थट्टेपायी किती जणांनी दुखणे अंगावर काढले असेल!

त्याच्या औषधांविषयी दोन समजुती फार नुकसान करतात. एक, ही सगळी झोपेची औषधे असतात आणि सवय लागते. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते हे खरे, म्हणूनच त्या थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यायच्या. पण नैराश्यावरच्या औषधांची दारूसारखी तलफ लागत नाही. दुसरी समजूत अशी, की आठवड्यात गुण आला नाही म्हणजे औषध फुकट गेले. नैराश्यावरच्या औषधाचा परिणाम दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात. आणि बरे वाटू लागले म्हणून ते परस्पर एकदम बंद केले, तर घाबरे होणे, चक्कर येणे सुरू होते, कधी आजार उलटतो. ‘कसे वाटते?’ या प्रश्नाला ‘बरे आहे’ एवढेच उत्तर देऊन परत येणाऱ्या रुग्णाचे काम घरच्यांनी करावे. किती झोपला, किती जेवला, अंघोळ केली का, कुणाशी बोलला का, हे टिपून न्यावे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा वैद्यकीय डॉक्टर नसतो. तो मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि त्यावर रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्ण पाहत प्रशिक्षण पुरे करतो. आतापर्यंत त्यासाठी मुख्यतः दोन वर्षांची एम.फिल. होती. आता ती मागे पडून नवे अभ्यासक्रम येत आहेत. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंद असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नव्हे. बुद्धी, स्मरणशक्ती, व्यक्तिमत्त्व यांच्या चाचण्या तो घेतो. मूल अभ्यासात मागे का पडते, त्याला अक्षरे उलटी का दिसतात, तो एका जागी का बसू शकत नाही, हे शोधण्यासाठी त्याच्याकडेच जावे लागते. दुसरे मोठे काम म्हणजे बोलण्यातून उपचार. चारदा कुलूप ओढून पाहणारी, दिवसातून तीस वेळा हात धुणारी गृहिणी ‘टापटिपीची’ म्हणून वर्षानुवर्षे घरात चालून जाते. तिला आपल्या विचाराला आणि सवयीला टप्प्याटप्प्याने कसे तोंड द्यायचे हे तो शिकवतो. एक बैठक पाऊण ते एक तासाची, आठवड्याला एक, आणि अशा दहा-बारा तरी. मधल्या दिवसांत घरी करायचा ‘अभ्यास’ असतो. दोन बैठकींत ‘नुसते बोलतात आणि पैसे घेतात’ म्हणून सोडून देणारे बरेच.

पुष्कळ आजारांत हे दोघेही लागतात. चांगला मनोविकारतज्ज्ञ रुग्णाला स्वतःहून मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतो आणि चांगला मानसशास्त्रज्ञ औषधाची गरज ओळखून उलट पाठवतो. एकाने दुसऱ्याचे नाव काढताच नाक मुरडले, तर सावध व्हावे.

समुपदेशकाचे क्षेत्र निराळे. परीक्षेची धास्ती, लग्न टिकवावे की मोडावे ही घालमेल, नोकरी गेल्याचा धक्का, जवळच्या माणसाचा मृत्यू अशा प्रसंगी शांतपणे ऐकणारे आणि वाट शोधायला मदत करणारे शिकलेले माणूस फार मोलाचे ठरते. अडचण अशी, की ही पाटी लावायला काल-परवापर्यंत काहीच लागत नव्हते. कुणी एम.ए. करून वर्षभर प्रशिक्षण घेतलेले, तर कुणी शनिवार-रविवारचा वर्ग करून आलेले. २०२१ साली संबंधित आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि समुपदेशकही त्याच्या कक्षेत आले. तरी शिक्षण कुठे, किती, कुणाच्या हाताखाली, हे विचारून घेतलेले बरे. भास होणाऱ्या बाळंतिणीला समुपदेशकाकडे नेण्यात चूक समुपदेशकाची नसते. नीट शिकलेला समुपदेशक तिला पाहताच रुग्णालयात पाठवील. प्रश्न मधल्या दोन दिवसांचा आहे.

मोठ्या रुग्णालयांत आणखी एक माणूस असतो, त्याच्याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. तो म्हणजे मनोरुग्णांसाठी प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ता. घरी जाऊन परिस्थिती पाहणे, नवऱ्याची समजूत घालणे, अपंगत्वाचा दाखला, पुन्हा कामाला लावणे ही कामे तो करतो. स्किझोफ्रेनियासारख्या लांबच्या आजारात गोळीइतकाच हा आधार लागतो. मद्रासच्या मनोरुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळलेल्या डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली चेन्नईत स्कार्फ ही संस्था काढली, ती हे ओळखूनच. औषधाने भास थांबले, पण पुढे त्या माणसाने दिवसभर करायचे काय? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) पाहिलेल्यांना भावाच्या आजाराबरोबर बहिणीचीही होणारी ओढाताण आठवत असेल.

मेंदूचा की मनाचा?

घरातले आजोबा काहीबाही बोलू लागले, तर न्यूरोलॉजिस्टकडे न्यायचे की मनोविकारतज्ज्ञाकडे? याचे उत्तर बऱ्याच अंशी घड्याळात आणि कॅलेंडरमध्ये आहे. काल-परवापर्यंत पेपर वाचणारा म्हातारा दोन दिवसांत वेळकाळ विसरला, रात्री उठून भांडू लागला, तर ते बहुधा शरीराचे दुखणे असते. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम घसरणे, नव्या गोळीचा परिणाम, डोक्याला लागलेला मार. इथे मनाचाही डॉक्टर नको आणि मेंदूचाही. आधी फिजिशियन आणि रुग्णालय, तेही लगेच. हेच विसरणे दोन-तीन वर्षांत हळूहळू आले असेल, तर स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी. तिथे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ, दोघेही चालतात. फिट येणे, तोंड वाकडे होणे, हात थरथरणे ही मेंदूविकारतज्ज्ञाची कामे.

मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनीच ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेल्या विद्वान शास्त्रींची भूमिका केली, हा योग गमतीचा. पण बाजारात हरवणारा बाप आणि त्याला शोधणारी मुलगी बघताना गंमत वाटत नाही.

म्हणूनच पहिली पायरी म्हणून फॅमिली डॉक्टरला कमी लेखू नये. सतत थकलेली, रडवेली, जाड होत चाललेली बाई कधी नैराश्याची नसून थायरॉइडची रुग्ण निघते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही विसराळूपणा, हातापायांना मुंग्या आणि उदासी येते. शाकाहारी घरांत तर ही शक्यता अधिक. साध्या रक्ततपासणीत हे कळते. फक्त सहा महिने झोपेची तीच गोळी लिहून देत राहणाऱ्या डॉक्टरांना ‘तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या’ असे स्पष्ट म्हणायला भीड बाळगू नये.

देवाच्या दारी

पापनाशमहून कुंभकोणमच्या पुढे गेले की तिरुविडैमरुदूरचे महालिंगस्वामींचे देऊळ लागते. वरगुण पांड्य राजाच्या मागे ब्रह्महत्येचे पाप लागले होते. तो पूर्वेच्या दाराने देवळात शिरला, पाप दारातच थांबले आणि राजा दुसऱ्या दाराने मोकळा होऊन बाहेर पडला, अशी कथा. अजूनही भाविक आल्या दाराने परत जात नाहीत. मनाने पिडलेल्यांना इथे आणण्याची रीत जुनी आहे. तिरुचिरापल्लीजवळ कावेरीकाठच्या गुणशीलमच्या देवळात तर मनोरुग्ण ४८ दिवस राहतात. आपल्याकडच्या नरसोबाच्या वाडीची, गाणगापूरची आठवण येणारच.

या सगळ्याला सरसकट अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण तमिळनाडूतल्याच एका लहान देवळात राहिलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास निम्हान्सच्या डॉक्टरांनी केला. तो २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तिथे ना साखळी होती, ना मारझोड, ना खास विधी. सोबत घरचे माणूस, साधी कामे आणि शांत जागा. त्या रुग्णांची लक्षणे सुमारे वीस टक्क्यांनी कमी झालेली आढळली. मायेने वागवणारी जागा काय करू शकते, याची ही मोजलेली साक्ष. अर्थात वीस टक्के म्हणजे शंभर नव्हेत.

आणि वीस टक्क्यांच्या आशेने गेलेल्यांचे काय होऊ शकते, हेही तमिळनाडूनेच पाहिले आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीच्या दर्ग्याभोवती मनोरुग्णांना ठेवण्याचे खासगी आश्रम उभे राहिले होते. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एकाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी जखडलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. त्यांतल्या बहुतेकांना बरे व्हावेत म्हणूनच घरच्यांनी तिथे आणून सोडले होते.

देवदर्शनाने कुणाला धीर येत असेल, तर अडवू नये. बहुतेक समंजस मनोविकारतज्ज्ञही अडवत नाहीत. गुणशीलमलाही पुढे मान्यताप्राप्त पुनर्वसन केंद्र झाले आणि मनोविकारतज्ज्ञ येऊ लागले. पण ‘औषध थांबवा, तरच गुण येईल’ असे जो सांगतो, जो बांधतो, मारतो, उपाशी ठेवतो किंवा बाईला एकटीला आत बोलावतो, त्याच्याकडून तत्काळ उठून यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे.

याच २०१७ च्या कायद्यात सरफोजींना आवडली असती अशी एक गोष्ट आहे. मानसिक आरोग्य व्यावसायिक कोण, हे सांगताना त्यात मनोविकारतज्ज्ञाबरोबरच आयुर्वेदातील मानसरोग, होमिओपॅथीतील मनोविकार, युनानी आणि सिद्ध वैद्यकातील त्या-त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले वैद्यही धरले आहेत. मात्र शब्द ‘पदव्युत्तर’ आणि ‘त्या विषयाचे’ असे आहेत. आयुर्वेदाची नुसती पाटी पुरत नाही. आणि त्यांचे औषध घेताना आधीच्या डॉक्टरांचे औषध चालू असेल, तर दोघांनाही सांगावे.

गाठ कुठे पडेल?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दर शंभर प्रौढांत दहाहून अधिक जण कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराने त्रस्त आढळले. मनोविकारतज्ज्ञ मात्र लाख लोकांमागे एकही पुरता नाही, आणि तेही शहरांत दाटलेले. ही दरी बुजवण्यासाठी १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या चार जिल्ह्यांत तंजावरच्या शेजारचा तिरुचिरापल्ली होता. या कार्यक्रमाचे पथक जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात येते. महाराष्ट्रातही तो आहे. आपल्या तालुक्याचा वार कोणता, हे रुग्णालयात विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. औषधे तिथे मोफत मिळतात.

खासगी रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली, तर त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. एजंट ‘यात मनाचे येत नाही’ म्हणाला, तर नकार लेखी मागावा.

मध्यरात्री, सुट्टीच्या दिवशी काय करायचे? १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा चालू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज दिसली तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो. जिवाचा धोका असेल, तर मात्र फोनवर वेळ न घालवता रुग्णालयच गाठावे. या सेवेत मराठीही आहे आणि तमिळही.

भाषेचा हा मुद्दा पापनाशमच्या मराठी घरात किरकोळ नाही. घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलण्यात हयात गेलेल्या आजी रागावतात, घाबरतात, अंगाई म्हणतात ते मराठीत. पण दवाखान्यातली स्मरणशक्तीची चाचणी तमिळमध्ये होते. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. मग आजी आहेत त्याहून अधिक विसरलेल्या ठरतात. मुंबई-पुण्यात मुलाकडे राहायला आलेल्या कानडी, तेलुगू घरांतल्या आजींचे आणि हैदराबाद, बडोद्याच्या मराठी आजींचेही असेच होऊ शकते. तपासणीला जाताना आजींची लहानपणची भाषा कोणती, शाळा कुठवर झाली आणि कोणत्या भाषेत झाली, हे आधीच सांगावे. दुभाषा म्हणून घरातले कुणी बसले तर त्याने प्रश्न जसाच्या तसा मराठीत सांगावा आणि उत्तर चुकले तरी तसेच कळवावे. ‘आजी, नातवाचे नाव आठवत नाही का? अहो, शरभेंद्र!’ असे मध्येच सुचवले, तर चाचणी नातवाची होते.